अँटिऑक कोणाचे? १०९७ ची शपथ आणि तिचे दोन निकाल

१९ जून १०९७ रोजी निकाया हे वायव्य अनातोलियातले (आजच्या तुर्कस्तानातले) शहर तुर्कांच्या हातून सुटले आणि ३ जून १०९८ च्या पहाटे सिरियाच्या सीमेवरचे अँटिऑक. दोन्ही शहरे पूर्वी पूर्व रोमन, म्हणजे ज्याला आपण बायझंटाईन म्हणतो त्या, साम्राज्याची होती. दोन्हींना वेढा घालणारी फौज एकच होती, पहिल्या धर्मयुद्धासाठी पश्चिम युरोपातून आलेली. त्या फौजेच्या बहुतेक बड्या सरदारांनी कॉन्स्टँटिनोपलमध्ये सम्राट अलेक्सिओस कोम्निनोसपुढे शपथ घेतली होती की साम्राज्याचा जो जुना मुलूख हाती येईल तो सम्राटाने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन केला जाईल. निकायाच्या तटावर त्याच दिवशी सम्राटाची निशाणे लागली. अँटिऑकच्या तटावर मात्र दक्षिण इटलीतल्या बोहेमंड या नॉर्मन सरदाराचे निशाण लागले, आणि ते उतरवून तिथे आपला सुभेदार बसवणे अलेक्सिओसला हयातभर जमले नाही.

एकाच शपथेचे एका वर्षाच्या अंतराने असे दोन निकाल का लागले, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. त्याची नेहमीची उत्तरे माणसांच्या स्वभावावर बोट ठेवतात. लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपीय, बखरकारांच्या लेखी सम्राट कपटी होता आणि ग्रीकांच्या, म्हणजे साम्राज्याच्या लोकांच्या, लेखी बोहेमंड जन्माचा लबाड होता. दोघांच्याही अंगी ते गुण थोडेफार होते हे नाकारण्याचे कारण नाही. पण निकायालाही माणसे हीच होती आणि तिथे शपथ पाळली गेली. म्हणून स्वभावापेक्षा कराराची घडण तपासणे मला अधिक उपयोगाचे वाटते. हा करार जिथे सम्राटाचा माणूस, सम्राटाची रसद आणि सम्राटाची तिजोरी प्रत्यक्ष हजर होती तिथेच चालला, आणि जिथे ती नव्हती तिथे तो टिकवील असे त्याच्या कलमांत काहीही नव्हते.

मुलूख कसा गेला होता

१०७१ या एका वर्षात साम्राज्याची दोन टोके ढासळली. एप्रिलमध्ये नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कारने बारी घेतले आणि दक्षिण इटलीतले साम्राज्याचे शेवटचे ठाणे गेले. ऑगस्टमध्ये पूर्व सीमेवर मांझिकर्टला सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलान याने सम्राट रोमानोस डायोजेनिसला रणांगणातच कैद केले. या लढाईचा गाजावाजा फार झाला असला तरी खरे नुकसान तिच्यानंतर झाले. सुलतानाने तह करून रोमानोसला सोडून दिले होते. परंतु तोवर राजधानीत दुसरा सम्राट बसवला गेला होता, यादवी पेटली आणि १०७२ मध्ये रोमानोसचे डोळे काढण्यात आले. पुढची दहा वर्षे गादीचा जवळजवळ प्रत्येक दावेदार तुर्की टोळ्यांना पगारावर आत बोलवत राहिला. निकेफोरोस मेलिसिनोस नावाच्या अशाच एका दावेदाराने १०८०-८१ मध्ये अनातोलियातली शहरे तुर्की शिबंदीच्या भरवशावर ठेवली, आणि निकाया तुर्कांच्या हाती गेले ते याच धामधुमीत. दारावर पहारा द्यायला आणलेले लोक घरमालक झाले.

अँटिऑकची हकीकत निराळी आहे. ९६९ मध्ये साम्राज्याने ते मुसलमानी सत्तेकडून परत जिंकले होते आणि तेव्हापासून सिरियाच्या सीमेवरचे ते मुख्य लष्करी ठाणे होते. तिथे ‘दुक्स’ या हुद्द्याचा मोठा सुभेदार असे. मांझिकर्टनंतरच्या गोंधळात फिलारेटोस या आर्मेनियन सरदाराने ते काही काळ सांभाळले आणि १०८४ च्या अखेरीस ते सुलेमान इब्न कुतुल्मिश या सेल्जुक सरदाराने घेतले. म्हणजे १०९८ मध्ये ते जाऊन जेमतेम चौदा वर्षे झाली होती. शहरात ग्रीक आणि आर्मेनियन वस्ती होती आणि जॉन नावाचा ग्रीक पॅट्रिआर्क (मुख्य धर्माध्यक्ष) अजून तिथेच होता. ‘साम्राज्याचा जुना मुलूख’ या शब्दांचा अर्थ कुठे ताणता येण्याजोगा असेल तर तो जेरुसलेमच्या बाबतीत, कारण ते साम्राज्याने सातव्या शतकातच गमावले होते. अँटिऑकच्या बाबतीत असा वाद करायला जागा नव्हती, आणि विशेष म्हणजे १०९८ मध्ये कोणी तसा वाद केलाही नाही.

अलेक्सिओस स्वतः १०८१ मध्ये बंड करून गादीवर आला. त्याच वर्षी गिस्कार आणि त्याचा मुलगा बोहेमंड एड्रियाटिक समुद्र ओलांडून आले, ऑक्टोबरमध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या दुराझ्झो बंदरापाशी त्यांनी सम्राटाचा दणदणीत पराभव केला आणि पुढे बोहेमंडने थेसलीतल्या लारिसापर्यंत मजल मारली. १०८५ मध्ये गिस्कार मेला तेव्हा ते संकट टळले. १०९१ मध्ये बाल्कनमधल्या पेचेनेग टोळ्यांचा लेवुनियनला निकाल लागला. पुढच्याच वर्षी सुलतान मलिकशाह मरण पावला, त्याच्या भावामुलांत वारसाहक्काची लढाई जुंपली आणि वीस वर्षांत प्रथमच अनातोलिया परत मिळवण्याची संधी दिसू लागली. संधी होती, पण माणूसबळ नव्हते.

पश्चिमेकडून माणूसबळ कसे आणायचे याचा एक नमुना अलेक्सिओसच्या हाताशी होता. फ्लँडर्सचा काउंट रॉबर्ट १०९० च्या सुमारास जेरुसलेमची यात्रा करून परतताना त्याला भेटला होता, त्याने लॅटिन लोकांच्या रीतीप्रमाणे सम्राटाला शपथ दिली होती आणि घरी गेल्यावर ५०० घोडेस्वार पाठवून ती पाळलीही होती. असे आणखी काही तांडे मिळावेत म्हणून मार्च १०९५ मध्ये सम्राटाचे वकील पिआचेन्झा येथे पोप दुसरा अर्बन याच्या धर्मसभेत हजर झाले. अर्बनला पूर्वेच्या चर्चशी मोडलेले संबंध सांधायचे होते. १०८९ मध्ये त्याने अलेक्सिओसवरचा बहिष्कार उठवला होता. पण नोव्हेंबरमध्ये क्लेरमाँला त्याने जे आवाहन केले त्यातले ध्येय जेरुसलेम झाले आणि मोबदला पापमुक्ती. सम्राटाने हुकमात राहणारे भाडोत्री स्वार मागितले होते. निघाले ते स्वतःचे पुढारी आणि स्वतःचे ध्येय असलेले हजारो लोक. या लोंढ्याचा पहिला भाग, पीटर द हर्मिटचा, ऑक्टोबर १०९६ मध्ये निकायाच्या वाटेवर कापला गेला. त्यामागून सरदार आले.

शपथ

१०९६ च्या हिवाळ्यापासून १०९७ च्या वसंतापर्यंत हे सरदार एकामागून एक कॉन्स्टँटिनोपलला पोहोचले आणि अलेक्सिओसने त्यांना शक्य तोवर एकत्र जमू न देता एकेकट्याने गाठले. व्हर्मांदुआचा ह्यू सर्वांत आधी वळला. लॉरेनचा गॉडफ्री महिनोन्‌महिने अडून बसला. त्याची रसद तोडावी लागली, तटाखाली चकमकी झाल्या, मग त्याने शपथ घेतली. तूलूझचा रेमंड तर शेवटपर्यंत पूर्ण शपथेला तयार झाला नाही. सम्राटाच्या जिवाला आणि प्रतिष्ठेला आपण धक्का लावणार नाही, एवढेच वचन त्याने दिले. बोहेमंडने मात्र एका शब्दाची घासाघीस न करता शपथ घेतली. ज्याने सर्वांत सहज शपथ घेतली त्यानेच ती मोडली आणि ज्याने घ्यायला नकार दिला तोच पुढे अँटिऑकमध्ये तिच्या बाजूने उभा राहिला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बोहेमंडच्या या भेटीचे वर्णन सम्राटाची मुलगी आना कोम्निनी हिने केले आहे. सम्राटाने त्याची उतरण्याची सोय केली आणि ताटे वाढून ठेवली. सोबत कच्चे मांसही ठेवले होते आणि आणणाऱ्यांनी सांगितले की आमच्या पद्धतीचे शिजवलेले रुचत नसेल तर तुमच्या आचाऱ्यांकडून करवून घ्या. बोहेमंडने शिजवलेल्या अन्नाला बोटही लावले नाही. ते त्याने आपल्या माणसांना उदारपणे वाटून टाकले, स्वतः आपल्या आचाऱ्याच्या हातचे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसांना प्रकृती कशी आहे म्हणून विचारले. सर्व ठीक आहे असे कळल्यावर त्याने उघडच सांगितले की मला विषाची शंका होती. पुढे त्याला वाड्यातली एक खोली दाखवण्यात आली, जिच्या जमिनीवर सोन्याचांदीची नाणी आणि वस्त्रे अशी पसरली होती की पाऊल ठेवायला जागा नव्हती. ते सर्व तुमचेच आहे असे सांगताच तो आधी हरखला, मग फुरंगटून नाही म्हणाला आणि शेवटी घेऊन टाकले. त्याने पूर्वेकडील सर्व फौजांचे सेनापतीपदही मागितले. सम्राटाने नाही म्हटले नाही आणि दिलेही नाही.

आनाचा हा मजकूर वाचताना एक सावधगिरी हवी. घटनेच्या वेळी ती तेरा वर्षांची होती आणि ग्रंथ तिने चाळीस-पन्नास वर्षांनी, बोहेमंडच्या वंशजांचा अँटिऑकवरचा ताबा डोळ्यांपुढे असताना लिहिला. घटनेनंतर दोन पिढ्यांनी, धन्याची बाजू राखून लिहिलेल्या बखरी चाळण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला याहून अधिक सांगायला नको.

सावधगिरी दोन्हीकडे हवी, कारण शपथेची कलमे दोन्ही बाजूंनी अर्धीअर्धीच नोंदवली आहेत. धर्मयोद्ध्यांनी काय देण्याचे कबूल केले ते आना सविस्तर सांगते: पूर्वी रोमन साम्राज्याची असलेली शहरे, प्रदेश आणि किल्ले सम्राटाच्या अधिकाऱ्याला परत करायचे. सम्राटाने त्याबदल्यात काय कबूल केले याबद्दल ती जवळजवळ गप्प आहे. बोहेमंडच्या फौजेतल्या एका अनामिक लेखकाने लिहिलेली लॅटिन हकीकत नेमकी याच्या उलट आहे. तीत सम्राटाच्या शपथेवर भर आहे, की तो जमिनीवरून आणि समुद्रावरून फौजेसह आमच्याबरोबर येईल, रसद पुरवील आणि यात्रेकरूंना कोणाचा उपद्रव होऊ देणार नाही. त्यातही सम्राटाने जातीने येण्याचे खरोखर कबूल केले होते का, यावर लॅटिन लेखकांचेच एकमत नाही. रेमंडचा पुरोहित लिहितो की तुम्ही स्वतः चला, मग मी तुमचा, असे रेमंड म्हणाला तेव्हा जर्मन, हंगेरियन आणि कुमान लोक मागे राज्यावर चालून येतील अशी अडचण अलेक्सिओसने सांगितली होती.

म्हणजे शहरे परत करण्याचे कलम स्पष्ट होते आणि सम्राटाच्या मदतीचे कलम ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोडलेले होते. पश्चिमेच्या सरंजामी रिवाजात धनी आणि मांडलिक यांचे बंधन दुहेरी असते. धन्याने संकटात पाठ फिरवली तर मांडलिक मोकळा होतो. कॉन्स्टँटिनोपलच्या दृष्टीने मात्र सम्राट आपल्या चाकरांना वेतन आणि बक्षीस देतो, जबाबदेही देत नाही. अलेक्सिओसने पश्चिमेची शपथ वापरली ती तिच्यातली बांधिलकी त्याला सोयीची होती म्हणून. त्याच शपथेतून बाहेर पडायची वाटही तिच्याबरोबर येते, हे त्याने कितपत ध्यानात घेतले होते ते सांगणे कठीण आहे.

निकाया: सर्व काही जागेवर

मे १०९७ मध्ये निकायाला वेढा पडला. तिथला सुलतान किलिज अर्सलान पूर्वेला मालाट्याकडे गुंतला होता. तो धावत आला, पण वेढा फोडू शकला नाही. शहराची पश्चिम बाजू सरोवराला लागून होती आणि त्या बाजूने आत रसद जात होती. अलेक्सिओस जवळच निकोमिडियाच्या आखातावर पेलेकॅनमला तळ देऊन होता. त्याने गाड्यांवर घालून होड्या सरोवरात उतरवल्या आणि त्यांवर आपली माणसे चढवली. सम्राटाचा सरदार मॅन्युएल बुटुमिटिस याने आतल्या तुर्कांशी गुपचूप बोलणी लावली, अभयाचे आणि बक्षिसाचे लेखी वचन दिले आणि धर्मयोद्धे शेवटच्या हल्ल्याच्या तयारीत असतानाच एका सकाळी तटावर साम्राज्याची निशाणे फडकली. लॅटिन लोकांना दहा-दहाच्या टोळीनेच आत सोडले जात होते. सुलतानाची बायको सन्मानाने वागवली गेली. सरदारांना सोने मिळाले, पायदळाला तांब्याची नाणी. ज्यांना लूट हवी होती ते चिडले.

चिडले, पण कोणी शपथ मोडली नाही. उलट आधी अंग चोरून गेलेला बोहेमंडचा भाचा टँक्रेड याच्याकडूनही पेलेकॅनमला शपथ घेववली गेली. ब्लुआचा काउंट स्टीफन याने बायकोला, विजेता विल्यमची मुलगी अडेला हिला, लिहिले की सम्राटाने मला मुलासारखे वागवले आणि दातृत्वात तुझे वडीलही याच्यापुढे काहीच नव्हेत. हेच स्टीफनराव वर्षभराने या प्रकरणातले सर्वांत घातक पात्र ठरले.

निकायाला शपथ चालली याची कारणे डोळ्यांसमोर आहेत: सम्राट हाकेच्या अंतरावर होता, होड्या त्याच्या होत्या, बोलणी त्याने केली, शहर घ्यायला त्याचा अधिकारी वेशीत उभा होता आणि रोख भरपाई लगेच हातात पडली.

अँटिऑक: एकेक खुंटी उपटली गेली

निकायाहून निघालेली फौज १ जुलैला डोरिलियमची लढाई जिंकून, उन्हाळा अनातोलियाच्या पठारावर काढून ऑक्टोबर १०९७ च्या तिसऱ्या आठवड्यात अँटिऑकपुढे आली. सम्राटाने तिच्याबरोबर टाटिकिओस या अनुभवी सेनापतीला एका लहान पथकासह पाठवले होते. जिंकलेली ठाणी ताब्यात घेण्याचा अधिकार याचाच होता. स्वतः अलेक्सिओस मात्र मागे राहिला आणि त्याचा मेहुणा जॉन डुकास याने स्मर्ना, इफेसस, सार्डिस अशी पश्चिम अनातोलियातली शहरे एकामागून एक परत घेतली. साम्राज्याच्या हिशोबाने हे काम अत्यंत शहाणपणाचे होते. धर्मयुद्धाचा सर्वांत टिकाऊ फायदा कॉन्स्टँटिनोपलला झाला तो इथेच. पण त्यामुळे अँटिऑकपुढे सम्राटाचे सारे अस्तित्व एका माणसावर येऊन ठरले.

अँटिऑकचा तट सहाव्या शतकात जस्टिनियनच्या काळात मजबूत केलेला होता. एका बाजूला ओरोंटेस नदी, दुसऱ्या बाजूला तट थेट सिल्पिअस डोंगरावर चढत गेलेला आणि माथ्यावर बालेकिल्ला. पूर्ण वेढा घालण्याइतकी माणसे धर्मयोद्ध्यांकडे नव्हती. हिवाळ्यात दुष्काळ पडला, घोडे मेले. सायप्रस या साम्राज्याच्या बेटावरून सेंट सिमिऑन बंदरात रसद येत होती, पण पुरी पडत नव्हती. फेब्रुवारी १०९८ मध्ये टाटिकिओस तळ सोडून गेला. आना म्हणते की सरदार तुझ्या जिवावर उठले आहेत असे बोहेमंडनेच त्याच्या कानात सांगितले. लॅटिन हकीकत म्हणते की तो भेकड होता आणि सायप्रसहून रसद आणतो म्हणून खोटे बोलून पळाला. दोन्हींतले काही खरे असो वा नसो, परिणाम एकच झाला. शहर पडले तर ते ज्याच्या स्वाधीन करायचे तो अधिकारीच आता तळावर नव्हता, आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही.

मे महिन्यात बातमी आली की मोसुलचा अताबेग (तुर्की सुभेदार) केर्बोगा मोठी फौज घेऊन सुटकेला येत आहे. तो धर्मयोद्ध्यांच्या हाती असलेल्या एडेसा शहरापुढे तीन आठवडे अडकून पडला नसता तर हे प्रकरण इथेच संपले असते. बोहेमंडकडे तेव्हा एक गुपित होते: फिरुझ नावाचा बुरुजाचा एक रखवालदार फितूर व्हायला तयार होता. ते उघड न करता त्याने सरदारांपुढे सूचना ठेवली की जो कोणी शहरात शिरण्याची वाट काढील त्याला शहर द्यावे. आधी ती फेटाळली गेली. केर्बोगा जवळ आल्यावर मान्य झाली. पण मान्य झाली ती कोणत्या शब्दांत, ते महत्त्वाचे आहे. सम्राट आपल्या वचनाप्रमाणे मदतीला आला तर शहर हक्काने त्याला परत करू. न आला तर बोहेमंडने ठेवावे. शपथ मोडण्याचा हा ठराव नव्हता. ती कोणत्या अटीवर जिवंत राहील एवढेच त्यात ठरवले होते. या घडीपर्यंत अँटिऑक कायद्याने सम्राटाचेच होते, आणि हे बोहेमंडच्या बाजूच्या लेखकानेच लिहून ठेवले आहे.

२ जूनच्या रात्री फौज बाहेर गेल्याचे सोंग करून अंधारात परतली. फिरुझच्या बुरुजाला एकच शिडी लावली होती. साठेक माणसे वर चढली तेव्हा बोहेमंड त्यांत दिसेना म्हणून फिरुझ घाबरला आणि ग्रीक भाषेत ओरडला की फ्रँक (पश्चिमेचे लोक) फार थोडे आहेत. बोहेमंड आला, मग शिडी मोडली, तेव्हा वर असलेल्यांनी चाचपडत एक लहान दरवाजा शोधून फोडला. पहाटे शहर पडले, बालेकिल्ला मात्र तुर्कांकडे राहिला. दोनच दिवसांत केर्बोगाची आघाडी येऊन ठेपली आणि वेढा घालणारे स्वतः वेढ्यात सापडले.

फिलोमेलियन

शहर पडण्याच्या आदल्या दिवशी ब्लुआचा स्टीफन आजाराचे कारण सांगून तळावरून निघून गेला होता. वाटेत केर्बोगाचा अफाट तळ त्याच्या नजरेस पडला आणि आत राहिलेले सारे संपले अशी त्याची खात्री झाली. अनातोलिया ओलांडताना जूनच्या उत्तरार्धात त्याची गाठ फिलोमेलियन, आजचे अक्शेहिर, येथे खुद्द अलेक्सिओसशी पडली. सम्राट फौज घेऊन अँटिऑककडेच निघाला होता. त्याच्याबरोबर बोहेमंडचा सावत्र भाऊ गी होता. त्याने रडून ओरडून पुढे चला म्हणून गळ घातली असे लॅटिन हकीकत सांगते. अलेक्सिओसने स्टीफनचे ऐकले. तुर्कांची दुसरी एक फौज आपल्यावर चालून येत आहे अशीही खबर त्याला होती. त्याने तिथल्या ख्रिस्ती रहिवाशांना बरोबर घेतले, मागचा मुलूख ओसाड केला आणि तो परत फिरला.

या निर्णयाबद्दल अलेक्सिओसला दोष देणे सोपे आहे आणि मला ते अन्यायाचे वाटते. हाती असलेली बातमी प्रत्यक्षदर्शी सरदाराची होती, तीही सम्राटाशी स्नेह असलेल्या सरदाराची. ती खरी असती तर पुढे जाणे म्हणजे राजधानीपासून शेकडो मैलांवर, रसदीविना, विजयी केर्बोगाच्या तोंडी आपली एकमेव फौज देणे. सम्राट रणांगणात सापडला तर काय होते हे मांझिकर्टने दाखवले होते. आणि त्याच रोमानोसच्या मुलाने चारच वर्षांपूर्वी, १०९४ मध्ये, अलेक्सिओसला मारण्याचा कट केला होता. अशा गादीवर बसलेला माणूस परत फिरणार, यात नवल नाही.

पण लष्करी दृष्टीने बरोबर असलेला हा निर्णय कराराच्या दृष्टीने नेमका तोच होता ज्याची अट मेमध्ये घालून ठेवली होती. आणि बातमी खोटी निघाली. २८ जूनला उपासमारीने गांजलेली फौज शहराबाहेर पडली आणि केर्बोगाच्या सैन्यातल्या अमीरांनी एकमेकांना वाऱ्यावर सोडल्याने ते फुटले. बालेकिल्ल्याने शरणागती दिली ती बोहेमंडच्या निशाणाला.

दावा कसा मिटला नाही

विजयानंतरही सरदारांनी लगेच हात झटकले नाहीत. ग्रीक पॅट्रिआर्क जॉन, ज्याला वेढ्यात तुर्कांनी तटावरून लोंबकळत ठेवले होते, त्याला त्याच्या आसनावर पुन्हा बसवण्यात आले. जुलैमध्ये ह्यू आणि एनोचा बॉल्डविन यांना सम्राटाकडे पाठवले गेले: या आणि शहर घ्या, दिलेली वचने पाळा. बॉल्डविन वाटेत तुर्कांच्या छाप्यात नाहीसा झाला. ह्यू पोहोचला, पण उत्तर घेऊन परतण्याऐवजी सरळ फ्रान्सला गेला. सम्राटाकडून त्या वर्षात कोणी आले नाही.

५ नोव्हेंबरला सेंट पीटरच्या चर्चमध्ये सरदारांची बैठक झाली. बोहेमंडने मे महिन्याचा ठराव पुढे केला. रेमंडने कॉन्स्टँटिनोपलच्या शपथेतले शब्द ऐकवले. इतर मधल्या मध्ये राहिले, कारण कोणाचेच म्हणणे पूर्ण चुकीचे नव्हते. रेमंडच्या निष्ठेत धर्मबुद्धी किती आणि बोहेमंडचा मत्सर किती हे वेगळे काढता येत नाही. पुलाचा दरवाजा आणि तुर्की सुभेदाराचा वाडा त्याने स्वतःच्या ताब्यात ठेवला होता आणि सम्राटाच्या नावाने तो धरून बसला होता. शेवटी सामान्य सैनिकांनीच जेरुसलेमला चला म्हणून दंगा केला. जानेवारी १०९९ मध्ये रेमंड दक्षिणेला निघाला आणि बोहेमंडने त्याची मागे राहिलेली माणसे शहरातून हुसकावली. एप्रिलमध्ये त्रिपोलीजवळच्या अर्का किल्ल्याच्या वेढ्यात सम्राटाचे वकील आले, त्यांनी अँटिऑकबद्दल तक्रार मांडली आणि जूनअखेरपर्यंत थांबलात तर सम्राट स्वतः येईल असे सांगितले. कोणी थांबले नाही.

अलेक्सिओसने नंतर जे केले त्यावरून त्याला करारातली उणीव कळली होती असे दिसते. १०७१ नंतरच्या यादवीतून शिकलेला हा राजा एका चुकीवर दुसऱ्यांदा विसंबत नसे. ११०७ मध्ये बोहेमंडने पश्चिमेतून नवी फौज आणून दुराझ्झोला वेढा घातला, तेव्हा सम्राटाने मैदानी लढाई टाळून त्याला उपाशी पाडले आणि सप्टेंबर ११०८ मध्ये डेव्होलला त्याच्याकडून तह लिहून घेतला. १०९७ ची शपथ तोंडी आणि मोघम होती. हा तह लांबलचक आहे आणि आनाने त्याचा मजकूर जवळजवळ पूर्ण उतरवला आहे. बोहेमंड हा अलेक्सिओस आणि त्याचा मुलगा जॉन या दोघांचा मांडलिक. अँटिऑक त्याच्याकडे फक्त हयातीपुरते. अँटिऑकच्या वायव्येकडच्या सिलिशियातली शहरे परत. पॅट्रिआर्क कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमधून नेमलेला. आणि सम्राटाकडून दरसाल सोन्याची नेमणूक. ठाण्यांची नावे एकेक करून लिहिली आहेत. यात एकच त्रुटी राहिली. सही करणारा इटलीत परतला आणि अँटिऑकला पुन्हा कधी गेलाच नाही. शहर सांभाळणाऱ्या टँक्रेडने तह मानायला साफ नकार दिला, आणि दुराझ्झोला जिंकलेली फौज अँटिऑकच्या वेशीत नव्हती.

अलेक्सिओस १११८ मध्ये वारला. ११३७ मध्ये त्याचा मुलगा सम्राट दुसरा जॉन सैन्य घेऊन अँटिऑकच्या तटाखाली येऊन उभा राहिला. तिथला राजपुत्र, प्वातिएचा रेमंड, याने जेरुसलेमचा राजा फुल्क याचा सल्ला मागितला. नॉर्मन इतिहासकार ऑर्डरिक व्हिटालिस याच्या म्हणण्याप्रमाणे फुल्कने कळवले की अँटिऑक साम्राज्याचे होते, तुर्कांनी ते चौदा वर्षे धरले होते आणि पूर्वजांच्या करारांबद्दल सम्राट म्हणतो ते खरे आहे. रेमंडने मांडलिकत्व पत्करले आणि तटावर सम्राटाचे निशाण लागले. पुढच्या वर्षी जॉन शहरात आला आणि त्याने बालेकिल्ला मागितला, तेव्हा एडेसाच्या काउंटच्या चिथावणीने रस्त्यांवर दंगल उसळली, आणि सम्राट बालेकिल्ला न घेताच फौजेसह माघारी फिरला.